विश्लेषण : हृदयाच्या स्नायूत थेट औषध सोडणारे कॅथेटर आले, पण जिल्ह्याला आधी काय हवे?

‘पंपिंग २५ टक्क्यांवर आले आहे.’ हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे वाक्य अनेक घरांना ऐकावे लागते. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि थोड्याच वेळात ‘हृदयात थेट स्टेम सेलचे इंजेक्शन’ असे काही तरी समोर येते. हे तंत्र खोटे नाही. औषध, जनुके किंवा पेशी हृदयाच्या स्नायूत नेऊन सोडणारी कॅथेटर उपकरणे खरोखर आहेत. पण त्यांच्याकडून किती आशा ठेवायची आणि अहिल्यानगरसारख्या जिल्ह्याने आरोग्यावरचा पैसा आधी कुठे लावायचा, याचा हिशेब वेगळा आहे.

थेट स्नायूतच का?

गोळी किंवा सलाइनमधून दिलेले औषध सगळ्या शरीरात फिरते. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते, त्यातील जेमतेम पाच टक्के त्याच्या स्वतःच्या स्नायूला मिळते. त्यातही झटक्यात रक्तवाहिनी बंद झाली असेल, तर ज्या भागाला औषधाची सर्वाधिक गरज असते तिथेच ते कमी पोहोचते. पाटाने पाणी सोडले तर बांधाच्या गवतालाही मिळते, ठिबकने ते डाळिंबाच्या मुळाशी पडते. या उपकरणांमागची कल्पना ठिबकसारखीच आहे.

उपकरण काम कसे करते?

जांघेतील धमनीतून एक लांब, वाकवता येणारी नळी आत घालतात. महाधमनीतून उलट दिशेने, झडप ओलांडून ती हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेतात. नळीच्या टोकाला आत-बाहेर होणारी बारीक सुई असते. ‘नोगा’ या प्रणालीत सौम्य चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने नळीचे टोक नेमके कुठे आहे हे कळते. त्यावरून संगणकावर डाव्या कप्प्याचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. कोणता भाग मेला आहे आणि कोणता जिवंत पण अशक्त आहे, हे त्यात रंगांनी दिसते. ‘हेलिक्स’ या दुसऱ्या कॅथेटरची सुई स्क्रूसारखी वळलेली असते. ती फिरवून भिंतीत रुतवतात, म्हणजे धडधडत्या हृदयातही जागा सुटत नाही. साधारण दहा ते वीस ठिकाणी काही थेंब सोडले जातात.

अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले तर हे अवघड काम आहे. मिनिटाला सत्तर वेळा हलणाऱ्या, काही ठिकाणी पातळ झालेल्या भिंतीत सुई टोचायची, पण आरपार जाऊ द्यायची नाही. गेलीच, तर हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचून जिवावर बेतू शकते. म्हणून अशा प्रसंगाला लगेच तोंड देऊ शकेल अशी पूर्ण तयारी असलेल्या केंद्रातच हे करावे लागते.

निकाल काय सांगतात?

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डुकरांवरील एका प्रयोगात स्नायूत टोचलेल्या पेशींपैकी तासाभराने सुमारे ११ टक्केच हृदयात सापडल्या. रक्तवाहिनीतून सोडलेल्या पेशींपैकी तर तीन टक्केही उरल्या नव्हत्या. म्हणजे थेट टोचणे अधिक चांगले, पण गळती तिथेही मोठीच.

माणसांवरील ‘ड्रीम-एचएफ’ चाचणीत ५३७ रुग्णांपैकी काहींवर ही प्रक्रिया, तर इतरांवर तुलनेसाठी केवळ लुटुपुटूची प्रक्रिया झाली. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. हृदय कमकुवत झाल्याने पुन्हा पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागणे कमी होईल, ही मुख्य अपेक्षा होती; ती पूर्ण झाली नाही. झटका आणि पक्षाघात काहीसे कमी दिसले, पण तो दुय्यम निष्कर्ष होता. त्याआधी ‘क्युपिड-२’ या २५० रुग्णांच्या चाचणीत हृदयाच्या रक्तवाहिनीतून जनुक सोडले होते. तीही अपयशी ठरली. थोडक्यात, नळी सुधारली, पण तिच्यातून सोडायचे खात्रीचे औषध अजून सापडलेले नाही.

जिथे औषध आणि जागा दोन्ही नक्की ठाऊक असतात, तिथे कॅथेटर यशस्वी होतो. स्टेंटवर औषधाचा लेप असतो, तो रक्तवाहिनीच्या भिंतीत हळूहळू उतरतो. हृदयाचा मधला पडदा जाड होऊन रक्ताची वाट अडवतो, तेव्हा त्या भागाच्या छोट्या धमनीत थोडे शुद्ध अल्कोहोल सोडून स्नायू मुद्दाम आक्रसवतात. १९९४ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली ही पद्धत आज रुळली आहे.

नळीकडून साध्या शिरेकडे

औषध नेमके कुठे सोडायचे, हा प्रश्न झटक्याच्या उपचारातही एकदा येऊन गेला आहे. १९७९ च्या सुमारास जर्मनीत गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज कॅथेटरने थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडू लागले. कॅथलॅब असेल तरच ते शक्य होते. १९८६ मध्ये इटलीतील ‘गिसी’ चाचणीने तेच औषध साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात हाताच्या शिरेतून देऊन पाहिले. २१ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पहिल्या तासाच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. सहा तासांनंतर मात्र फारसा फायदा दिसला नाही. औषध कोणत्या वाटेने जाते यापेक्षा ते किती लवकर जाते, हे निर्णायक ठरले.

अहिल्यानगरचा हिशेब

क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा : चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोक. अँजिओप्लास्टीसारखे उपचार अहिल्यानगर शहर किंवा शिर्डीसारख्या मोजक्या ठिकाणी होतात. जामखेडहून शहर सुमारे पाऊणशे किलोमीटर. अकोले तालुक्यातील राजूर-भंडारदऱ्याच्या डोंगरी भागातून तर घाटवाटांनी आधी संगमनेरच गाठावे लागते. मोठ्या झटक्यात दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टेनेक्टेप्लेज हे त्यातले औषध वजनानुसार एकाच वेळी, काही सेकंदांत शिरेतून देता येते. ते पुण्यात, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीतही बनते. प्रत्येक रुग्णाला ते चालत नाही. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टरच ठरवतात. पण त्यासाठी ईसीजी निघायला हवा, तो कुणी तरी वाचायला हवा आणि इंजेक्शन कपाटात असायला हवे.

म्हणून माझे मत असे : प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चोवीस तास ईसीजी, तो मोबाइलवर तातडीने पाहणारा हृदयरोगतज्ज्ञ, हे इंजेक्शन कायम साठ्यात आणि ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, ही जिल्ह्याची पहिली मागणी असावी. १०८ रुग्णवाहिका २०१४ पासून आहेच, तिला या साखळीत नीट जोडावे. छातीत कळ आली की ‘गॅस झाला असेल’ म्हणून तास घालवू नये, हे गावागावांत सांगणारी माणसेही हवीत. साध्या गावकरी स्त्रियांना शिकवून आरोग्य सुधारता येते, हे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून याच जिल्ह्यातील जामखेडमध्ये दाखवले आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की ज्यांचे पंपिंग आधीच घटले त्यांना या इंजेक्शनचा काय उपयोग? काहीच नाही. त्यांच्यासाठीच कॅथेटरचे संशोधन चालू राहायला हवे. तोवर ज्या गोळ्यांचा फायदा सिद्ध झाला आहे, त्या बरे वाटू लागले म्हणून परस्पर बंद न करणे हाच त्यांचा मोठा आधार आहे.

कुणी ‘हृदयात स्टेम सेल’ देऊ केले तर?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हृदयविकारासाठी स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. त्यामुळे तीन प्रश्न विचारा. भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतील क्रमांक काय? नैतिकता समितीची मंजुरी कुठे आहे? आणि पैसे कशाचे? प्रायोगिक उपचाराचा खर्च सहभागी रुग्णावर टाकता येत नाही. या तिन्हींची लेखी उत्तरे हाती येईपर्यंत जमीन विकू नका, कर्ज काढू नका आणि कशावरही सही करू नका.