सत्तर मिनिटं आणि एक एहराम

गेल्या महिन्यात तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. “बाजी, उमऱ्याला थेट जाणारं विमान महाग पडतंय. मधे उतरून दुसरं विमान धरायचं तिकीट स्वस्त आहे. घ्यावं का?”

घ्यावं. चार-पाच माणसांच्या घराला तो फरक लहान नसतो. फक्त दोन विमानांच्या मधे किती वेळ लिहिलाय आणि त्यातला आपल्या हाती किती येणार, हे पैसे भरण्याआधी मोजावं. आम्ही मोजलं नव्हतं.

मी, अम्मी, आपा आणि भाऊजी असे चौघं निघालो होतो. मुंबईहून पहाटे चारला विमान, खाडीतल्या एका शहरात पाचला उतरायचं आणि सहा दहाला जिद्द्याचं विमान. भाऊजी तिकीट बघून खूश, “तासाभराचा तर प्रवास!” तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते, हे त्यांना विमानात कळलं. बहरीन, कुवेत, कतर आणि सौदीची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे, ओमान आणि अमिरातीची दीड तास. आमचा तो ‘तास’ साडेतीन तासांचा होता.

आता त्या सत्तर मिनिटांचा हिशेब बघा. विमानाचं दार सुटण्याच्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटं बंद होतं. म्हणजे उरली पन्नास. आमचं विमान पंचवीस मिनिटं उशिरा उतरलं. उरली पंचवीस. त्यात पुन्हा सामानाची तपासणी, कारण दुसऱ्या विमानात चढण्याआधी हातातली बॅग यंत्रातून परत जाते. आणि अम्मीचे गुडघे. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती, पण व्हीलचेअरच्या माणसाला चढवतात सर्वांत आधी आणि उतरवतात सर्वांत शेवटी, हे कुणी सांगितलं नव्हतं. अख्खं विमान रिकामं होईपर्यंत आम्ही बसून. अम्मी तसबीह ओढत होत्या, मी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात भाऊजींनी विचारलं, “आपल्या मोठ्या बॅगा कुठे मिळतील?” त्यांचा एहराम मोठ्या बॅगेत होता. एजंटाने सांगितलं होतं, मधल्या विमानतळावर आरामात बदला. पण एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली की मुंबईला दिलेली बॅग थेट जिद्द्याला निघते, मधे हाताला लागत नाही. आणि जिद्द्याला पोहोचून एहराम बांधणं उशिराचं. खाडीकडून येणारं विमान जिद्द्याच्या आधीच ताइफजवळच्या कर्नुल मनाझिल या मीकातच्या रेषेवरून जातं. उमऱ्याची नियत आणि तलबिया त्याआधी व्हायला हवी. नियत न करता मीकात ओलांडली तर परत मीकातवर जावं लागतं, नाहीतर दम द्यावा लागतो. आम्हा बायकांना वेगळा पोशाख नाही, आमचं निभावतं. पुरुषांना दोन न शिवलेल्या चादरी लागतात.

दाराशी रांगेत मालेगावचे एक बुजुर्ग होते. भाऊजींचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, आणि आपल्या हातातल्या पिशवीतून एहरामचा जादा जोड काढून दिला. भाऊजींनी विमानाच्या त्या एवढ्याशा न्हाणीघरात तो कसा नेसला, ते अल्लाहच जाणे. वैमानिकाने मीकात जवळ आल्याचं सांगितलं तेव्हा ते तयार होते. आजही त्या बुजुर्गांसाठी दुआ निघते.

तर पुरुषांचा एहराम हातातल्या बॅगेत, शक्यतो मुंबईलाच गुसल करून नेसलेला. नियत मीकातच्या आधी विमानात केली तरी चालते. अम्मीची साखरेची गोळी, इन्सुलिन आणि सगळ्यांचा एक जोड कपडाही हातातच. मोठी बॅग देताना तिच्या पट्टीवर शेवटच्या गावाची तीन अक्षरं वाचून घ्या. जिद्द्यासाठी जे-ई-डी. दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पासही मुंबईलाच मागा.

फजरचं सांगायचं राहिलं. मुंबईहून निघालो तेव्हा वक्त झाला नव्हता, उतरलो तेव्हा सुरू होता. विमान उतरायच्या आधी आम्ही वुजू करून घेतला होता, तेवढं एक शहाणपण. नमाजखाना लांब होता. गेटजवळच एका कोपऱ्यात मुसल्ला अंथरला, अम्मींनी खुर्चीतच पढली. कोकणातल्या आम्हा शाफई घरांत सफरमध्ये जोहर-असर आणि मगरिब-इशा जमा करता येतात. हनफी घरांत जमा नाही, कस्र मात्र आहे. फजर कुणालाच कशाशी जोडता येत नाही. म्हणून तिकीट बघताना विमानांच्या वेळांबरोबर नमाजच्या वेळाही बघाव्यात.

आता खरा धोका. काही फार स्वस्त तिकिटं म्हणजे दोन वेगळी तिकिटं जोडलेली असतात. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर, पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी. वेगळ्या तिकिटांत दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. वर बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्यायच्या, म्हणजे त्या देशात शिरायचं, म्हणजे व्हिसा. एका ओळखीच्या कुटुंबाला दुबईला उतरून शारजाहून चढायचं तिकीट मिळालं होतं. एजंटाला ते जवळजवळचं वाटलं. त्याला दोनच प्रश्न विचारा: पीएनआर एकच ना? विमानतळ एकच ना?

एकटा तरणा मुलगा असेल तर दीड तास पुरतो. म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर अडीच-तीन तासांखाली मी जाणार नाही. नऊ-दहा तासही नकोत, खुर्चीत पाय सुजतात. आणि त्या दिवसाचं शेवटचं विमान टाळा. चुकलं तर मुक्काम दुसऱ्या दिवसापर्यंत.

जमलं तर आधी मदिना करा. मग एहरामची घाई मधल्या विमानतळावर येतच नाही. मक्केला निघताना जुल हुलैफाला, ज्याला लोक अब्यार अली म्हणतात, तिथे निवांत बांधता येतो.

परतताना जमजम हातातल्या बॅगेत ठेवू नका. शंभर मिलिलिटरच्या वरचं पाणी तपासणीत काढून घेतात. डबा सामानात द्यायचा, आणि त्याच्याही पट्टीवर मुंबईची बी-ओ-एम अक्षरं आहेत का ते बघायचं. आमच्या परतीला मधे चार तास होते. अम्मी नमाजखान्यातच आडव्या झाल्या, आपा आणि मी चहा प्यायलो. भाऊजींनी मात्र एहराम हातातल्या बॅगेतच ठेवला होता, परतीच्या प्रवासातसुद्धा.