सान्तियागोतील दोन नकार

जागतिक बास्केटबॉल स्पर्धांच्या नोंदींमध्ये १९५९ सालचे कोष्टक मोठे विचित्र आहे. चिलीत भरलेल्या त्या स्पर्धेत सोव्हिएत रशियाच्या पुरुष संघाने अमेरिकेचा ६२-३७ असा धुव्वा उडविला आणि पुढे अजिंक्य ठरलेल्या ब्राझीललाही हरविले. असे असूनही अंतिम फेरीच्या सात संघांत रशियाचे स्थान सहावे आणि बल्गेरियाचे सातवे. याचे कारण खेळात शोधून सापडावयाचे नाही. या दोन्ही संघांनी फोर्मोसाशी, म्हणजे तैवानच्या संघाशी, खेळण्यास नकार दिला आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने अंतिम फेरीतील त्यांची सारी कमाई रद्दबातल केली. ब्राझील पहिला, अमेरिका दुसरी, यजमान चिली तिसरा. आणि ज्याच्या वाऱ्यालाही उभे राहावयाचे नाही असे ठरले होते तो तैवान चौथा!

इतक्या वर्षांपूर्वीचे हे प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण उघड आहे. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर याच जागतिक संघटनेने रशियाच्या संघांना स्पर्धांबाहेर ठेवले. २०२५ च्या सप्टेंबरात दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना पार पडला, त्याचे उत्पन्नही पदरात पडले, आणि मग हस्तांदोलन मात्र टाळण्यात आले. अशा प्रत्येक प्रसंगी दोन ठराविक सूर उमटतात. खेळात राजकारण आणू नका, असे एक पक्ष म्हणतो. शत्रूशी खेळ कसला, असे दुसरा विचारतो. दोन्ही उत्तरे आळसातून आलेली आहेत, आणि ती का हे १९५९ च्या सान्तियागोत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

ती स्पर्धा जानेवारीत, तिकडील ऐन उन्हाळ्यात झाली. राजधानीतील नियोजित बंदिस्त क्रीडागृह वेळेत पूर्ण झाले नाही, म्हणून अंतिम फेरी उघड्यावर, फुटबॉलच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये खेळविण्यात आली. छताखाली खेळावयाचा खेळ आभाळाखाली आला. अमेरिकेने आपले नामवंत खेळाडू न पाठविता हवाई दलाचा संघ पाठविला होता. शीतयुद्धाच्या काळात बास्केटबॉलसाठीही विमानदळ धाडावे, यात काहींना औचित्य दिसले असेल. ब्राझीलच्या संघाला ‘कानेला’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रशिक्षकाने घडविले होते आणि आमाउरी पासोस व व्लामिर मार्केस यांच्यासारखे खेळाडू त्यात होते. या संघाचे विजेतेपद केवळ कागदी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चार वर्षांनी, रशिया मैदानात हजर असताना, त्याने ते पुन्हा जिंकून दाखविले. परंतु १९५९ च्या विजयाला जो एक प्रश्न कायमचा चिकटून राहिला, तो ब्राझीलच्या खेळाडूंनी निर्माण केलेला नव्हता.

रशियाची बाजूही नीट मांडावयास हवी. १९४९ च्या क्रांतीनंतर चीनच्या प्रचंड जनतेचे राज्य पेकिंगमध्ये होते. पण चँग कै-शेकची पराभूत राजवट तैवान बेटावर बसून साऱ्या चीनच्या नावाने बोलत होती, आणि अमेरिकेच्या पाठबळावर संयुक्त राष्ट्रसंघातील चीनची जागाही तिने १९७१ पर्यंत अडवून ठेवली. हा अन्याय खराच होता. १९५८ च्या ऑगस्टमध्ये पेकिंगने ऑलिंपिक समितीशी संबंध तोडले आणि त्याच महिन्यात किनमेन बेटांवर चिनी तोफांचा भडिमार सुरू झाला. त्यानंतर पाच महिन्यांनी दोन साम्यवादी देशांचे खेळाडू तैवानच्या खेळाडूंसमोर उभे राहणार होते.

असे असले तरी त्या नकाराने कोणाचे काय भले झाले, हा प्रश्न उरतोच. तैवान स्पर्धेत आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही संघ आले, सामने खेळले, जिंकले; आणि प्रत्यक्ष सामन्याची पाळी आली तेव्हा तत्त्व आठवले. चीनच्या जनतेला त्यातून तिळभर न्याय मिळाला नाही. तैवानच्या जनतेला तर नाहीच. तीही लष्करी कायद्याखाली जगत होती आणि तो कायदा १९८७ पर्यंत उठला नाही. ज्या तरुणांशी खेळण्यास नकार दिला गेला ते चँगच्या राजवटीचे शिल्पकार नव्हते, तिचे प्रजाजन होते. त्यांना चौथा क्रमांक मिळाला, तोही न खेळलेल्या सामन्यांच्या आधाराने. कोणत्या खेळाडूला असे यश अंगाला लावून घ्यावेसे वाटेल?

या तत्त्वाचे आयुष्यही तपासून पाहावे. १९६० च्या उन्हाळ्यात रशियाने चीनमधील आपले तंत्रज्ञ परत बोलाविले आणि दोघांमधील दरी जगाला दिसू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात रोमच्या ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन या दहा प्रकारांच्या शर्यतीत अमेरिकेचा रेफर जॉन्सन पहिला, तैवानचा यांग चुआन-क्वांग दुसरा आणि रशियाचा वासिली कुझ्नेत्सोव्ह तिसरा आला. सान्तियागोत ज्या देशाच्या खेळाडूंसमोर उभे राहणे निषिद्ध होते, त्याच देशाच्या खेळाडूपेक्षा एक पायरी खाली उभे राहून रशियन खेळाडूने पदक स्वीकारले. कुझ्नेत्सोव्हचे यात काहीही चुकले नाही. चूक असलीच तर ती, वीस महिन्यांपूर्वी बास्केटबॉल संघाला वेगळा आदेश देणाऱ्यांची.

दुसऱ्या गोटाचे वर्तन याहून सरस होते असे कोणी समजू नये. पुढील जागतिक स्पर्धा १९६२ च्या अखेरीस मनिला येथे व्हावयाची होती. साम्यवादी देशांच्या खेळाडूंना प्रवेशपत्रे देण्यास फिलिपाइन्सच्या सरकारने नकार दिला, तेव्हा स्पर्धा तेथून काढून १९६३ मध्ये रिओ द जानेरोला नेण्यात आली. ज्या देशात बास्केटबॉल गल्लीबोळांत खेळला जातो, तेथील प्रेक्षकांना स्पर्धेसाठी १९७८ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा मार्कोस यांनी लादलेला लष्करी कायदा सहा वर्षांचा झाला होता, विरोधक तुरुंगांत होते. त्या मनिलात रशिया आला, युगोस्लाव्हिया आला, लोकसत्ताक चीनही आला. युगोस्लाव्हियाने अंतिम सामन्यात जादा वेळात रशियाला ८२-८१ असे हरविले. अटीतटीचा तो सामना झाला खरा. पण जे देश एका झेंड्यावरून मैदान सोडून जात होते, त्यांना यजमानांच्या तुरुंगांविषयी विचारावयाचे सुचले नाही.

आता सान्तियागोच्या त्याच स्टेडियमकडे पुन्हा वळावे लागते. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या सेनाधिकाऱ्यांनी साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त समाजवादी सरकार उलथून टाकले. आयेंदे यांचा अंत राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादातच झाला. राष्ट्रीय स्टेडियमची छळछावणी झाली. हजारो कामगार, विद्यार्थी, शिक्षक प्रेक्षागारांच्या खालच्या खोल्यांत कोंडले गेले, अनेकांचा छळ झाला, काहींना ठार मारण्यात आले. १९५९ मध्ये ज्या बाकांवरून चिलीच्या प्रेक्षकांनी आपल्या संघाचे तिसरे स्थान साजरे केले, त्याच बाकांवर आता कैदी बसविले जात होते. आणि याच स्टेडियममध्ये २१ नोव्हेंबर रोजी विश्वचषक फुटबॉलच्या पात्रतेसाठी चिली विरुद्ध रशिया हा सामना ठरला होता.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने ऑक्टोबरात आपले प्रतिनिधी पाहणीसाठी पाठविले. कैदी नजरेआड करण्यात आले. प्रतिनिधींनी गवत पाहिले आणि परिस्थिती सुरळीत असल्याचा निर्वाळा दिला. (गवत खरोखरीच उत्तम असावे.) रशियाने सामना त्रयस्थ देशात घ्यावा अशी मागणी केली; ती फेटाळली गेली, तेव्हा संघ गेला नाही. ठरल्या दिवशी चिलीच्या खेळाडूंनी समोर कोणीही नसताना चेंडू आपापसात देत नेऊन रिकाम्या जाळ्यात मारला. रशिया विश्वचषकाबाहेर पडला.

एकच देश, एकच स्टेडियम, दोन नकार. दुसरा नकार देणाऱ्यांचे हात स्वच्छ होते काय? मुळीच नाही. ज्या राजवटीच्या स्वतःच्या श्रमछावण्यांत माणसे खितपत होती आणि जिने पाच वर्षांपूर्वीच प्रागमध्ये रणगाडे घातले होते, तिने सान्तियागोच्या कैद्यांसाठी अश्रू ढाळावेत, हे ऐकणाऱ्याला खटकणारच. तरीही तो नकार योग्य होता. त्या वेळी रशियाने चिलीच्या खेळाडूंना नाकारले नव्हते. उठावानंतर पंधरा दिवसांनी मॉस्कोत त्याच दोन संघांचा पहिला सामना झालेला होता. नाकारली होती ती जागा, जेथे माणसांवर अत्याचार झाले होते. त्या नकारामुळे जगाची नजर त्या जागेकडे वळली आणि कैद्यांची बाजू बळकट झाली. १९५९ च्या नकाराने मात्र केवळ परराष्ट्र खात्याच्या दप्तरात एक ओळ वाढली.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. १९७४ साली डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही भारताने दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. विजय व आनंद अमृतराज यांच्या ऐन उमेदीच्या काळात हा त्याग झाला, आणि तो लहान नव्हता. परंतु तो बहिष्कार दिल्लीतील एखाद्या सचिवाला सुचलेला नव्हता. वर्णभेदाने ज्यांना स्वतःच्याच देशाच्या संघात येण्यास मज्जाव केला होता, ते कृष्णवर्णीय खेळाडू आणि त्यांच्या संघटना जगापुढे वर्षानुवर्षे तीच मागणी करीत होत्या. बहिष्कार कोणी मागितला, हे म्हणूनच प्रथम पाहिले पाहिजे. तो पीडितांनी मागितला असेल तर खेळाडूचे नुकसान हे त्या लढ्यातील त्याचे योगदान ठरते. तो राज्यकर्त्यांनी आपापसातील हिशेबासाठी फर्माविला असेल तर खेळाडू हा बिनपगारी शिपाई होतो.

खेळाडूच्या स्वतःच्या नकाराचे मोल आणखी निराळे. चिलीच्याच फुटबॉल संघातील कार्लोस काझेली हा आयेंदे यांचा उघड समर्थक. १९७४ च्या विश्वचषकासाठी संघ निघताना निरोप द्यायला आलेल्या पिनोशेच्या हातात त्याने आपला हात दिला नाही. ज्याच्यापुढे हात आखडायचा तो समोरच्या संघातील खेळाडू नसून सत्ताधीश आहे, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. दुबईच्या प्रसंगानंतर भारतातील क्रीडासंघटनांनी या गोष्टीचा विचार करावयास हरकत नव्हती.

बहिष्कारांच्या या बाजारात भारतीय बास्केटबॉलच्या वाट्यालाही एक दान आले. अफगाणिस्तानातील रशियन फौजांच्या निषेधार्थ अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी १९८० च्या मॉस्को ऑलिंपिककडे पाठ फिरविली, जागा रिकाम्या झाल्या आणि भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये उतरला. आजवरची ती त्याची एकमेव वेळ. संघ एकही सामना जिंकू शकला नाही आणि बारा संघांत बारावा आला. त्या खेळाडूंना हसण्याचे कारण नाही. बोलावणे आले, ते गेले आणि प्रत्येक सामन्यात समोरच्याशी खेळले.

तैवानचे खेळाडू अद्याप आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात, परंतु तैवान या नावाने नव्हे. १९८१ मध्ये लोझान येथे झालेल्या करारानुसार त्यांनी ‘चिनी तैपेई’ म्हणवून घ्यावे आणि राष्ट्रध्वजाऐवजी ऑलिंपिक समितीचा ध्वज धरावा असे ठरले. त्या बैठकीत पदाधिकारी होते. खेळाडूंची खुर्ची तेथेही मांडलेली नव्हती.