परवानगी नको, चुकारा आधी

घाटकोपरहून मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गाने जाताना एके काळी कारखान्यांच्या भिंती लागत. आज तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत. कामगाराला संरक्षण देणारा कायदा जागेवर असतानाच हे कारखाने गेले, एवढे आधी ध्यानात घ्यावे.

आणीबाणीत, १९७६ साली, औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला माणसे कमी करायची तर सरकारची परवानगी, टाळे लावायचे तरी परवानगी. १९८२ च्या दुरुस्तीने ३०० चे १०० झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि आकडा पुन्हा ३०० वर गेला. युनियनवाले म्हणतात, कामगार उघडा पडला. कारखानदार म्हणतात, आता रोजगार वाढेल. आम्हाला दोघांचेही पटत नाही.

परवानगी म्हणजे काय, हे कापूसवाल्याला सांगायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याबाहेर नेला तर आपण गुन्हेगार. तेही आपल्या संरक्षणासाठीच होते म्हणे! मुंबईत एक्सेल वेअर नावाचा कपडे शिवणारा कारखाना होता. १९७७ साली त्याने बंद करण्याची परवानगी मागितली, राज्य सरकारने नाकारली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केले. धंदा करण्याच्या हक्कात तो बंद करण्याचा हक्कही येतो, मात्र तो निरंकुश नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. पुढे सरकारने कलम नव्याने लिहून परत आणले. तोट्यात धंदा चालवायची सक्ती नको, हे आम्ही आमच्यासाठी मागतो; कारखानदाराला ते नाकारायचे कसे? (कोरडवाहू ज्वारीच्या तोट्याला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.)

पण परवानगीच्या आडून काय चालले ते पाहा. ज्याला बंद करायचे त्याने अर्जच करायचा नाही. वीजबिल थकवायचे, माल आणणे थांबवायचे, पगार अडवायचे. कामगार कोर्टात, जमीन बाजारात. आणि नवा माणूस घ्यायचा तो ठेकेदाराच्या नावावर, २४० दिवस भरण्याआधी ब्रेक देऊन. अंधेरीच्या एमआयडीसीत, सीप्झमध्ये आपल्या गावची पोरे अशीच आहेत. त्यांना ना १०० च्या आकड्याने तारले, ना ३०० चा आकडा मारणार.

कायद्यात खरा जीव आहे तो भरपाईत. वर्षभर सलग काम केलेल्याला कमी केले तर दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. आठ वर्षांची नोकरी असेल तर १२० दिवसांचा, म्हणजे चार महिन्यांचा. नव्या संहितेत आणखी १५ दिवसांचा पगार मालकाने निधीत भरायचा आहे, तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर पडायचा आहे. आठ वर्षांच्या घामाला हे फार नाही. तेही हातात पडेल का? चुकाऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे: परवानगीचा कागद फाडा, पण भरपाईची रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय गेटला कुलूप लागू नये आणि जमिनीचा सौदा होऊ नये. ठेकेदाराकडचा माणूसही त्या हिशेबात धरा.

पोरे सणाला गावी येतील तेव्हा त्यांना एवढे विचारा: नेमणुकीचे पत्र मिळाले का, पगाराची चिठ्ठी मिळते का, पीएफ कोणाच्या नावाने कापला जातो? जे कागद असतील ते पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.