उपहासाचीं नाणीं

दि. २६ ऑगस्ट १९५० रोजीं इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन या युद्धकालीन विमानतळावर मोटारींची शर्यत होती. निशाण पडलें, इतर गाड्या सुटल्या, बी. आर. एम. नांवाची नवी गाडी मात्र जागच्या जागीं राहिली. यंत्राची शक्ति चाकांपर्यंत नेणारी जोडणी तुटली होती. चालक रेमाँ सोमेर यास खालीं उतरावें लागलें, आणि प्रेक्षकांपैकीं कांहींनीं त्या गाडीवर पेनीचीं नाणीं फेकून आपला उपहास व्यक्त केला. या हंसण्यांत न्याय किती व अन्याय किती, याचा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांनीं करावा असें आम्हांस वाटतें.

तत्कालीन नियमांनीं दोन मार्ग खुले ठेविले होते: साडेचार लिटरचें साधें एंजिन, किंवा दीड लिटरचें सुपरचार्जर लाविलेलें. सुपरचार्जर हा एंजिनाचा भाताच होय. तो सिलिंडरांत हवा दाबून भरतो. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून शक्ति अधिक. रेमंड मेज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं देशांतील अनेक कारखान्यांचें साह्य मिळवून दीड लिटर जागा सोळा सिलिंडरांत वांटली. प्रत्येक सिलिंडर लिटराच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान! त्यांस रोल्स-रॉइसचा, पंख्याप्रमाणें फिरणारा भाता जोडला. त्यांतून पुढें पांचशेंहून अधिक अश्वशक्ति निघाली. परंतु अशा भात्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे निम्मे झाले कीं दाब चवथाईवर येतो. म्हणून मंद गतींत शक्ति अल्प, आणि गति वाढतांच ती एकाएकीं उसळे. चाकें घसरत व गाडी आवरणें कठीण होई.

कर्ते सर्वस्वी निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. डिसेंबर १९४९ मध्येंच त्यांनीं ती गाडी वृत्तपत्रकारांस दाखवून लोकांच्या आशा वाढविल्या. कसोटी मात्र पुरी झाली नव्हती. सिद्धीपूर्वीं केलेला गाजावाजा उपहासास आमंत्रण देतो, हें खरें. शिवाय १४ जुलै १९५१ रोजीं त्याच सिल्व्हरस्टोनवर गोंझालेझ यानें फेरारीच्या साडेचार लिटरच्या, भात्यावांचून चालणाऱ्या एंजिनानें विजय मिळविला. साधेपणाचेंही एक सामर्थ्य असतें.

परंतु त्याच दिवशीं दोन बी. आर. एम. गाड्या शेवटपर्यंत धांवल्या. रेग पार्नेल पांचवा व पीटर वॉकर सातवा आला. गाडींतील उष्णतेनें दोघेही भाजले होते, तरी त्यांनीं जागा सोडली नाहीं. नाणीं फेकावयास एवढें धैर्य लागलें होतें काय? १९५२ सालीं ती संस्था विकली गेली, पण काम थांबलें नाहीं. आणि १९६२ सालीं ग्रॅहॅम हिल यानें बी. आर. एम. गाडींतच जगज्जेतेपद मिळविलें. त्या वेळचें एंजिन आठ सिलिंडरांचें होतें, व त्यास भाता नव्हता.

आमचें मत स्पष्ट आहे. दोष दाखवावा, परंतु प्रयत्न करणाऱ्यास हंसूं नये. फळ्यापुढें अडखळलेल्या सोबत्यास जे हंसतात, तेही नाणींच फेकीत असतात. आणि घरीं नापासाचा निकाल आला, तर पालकांनींही रागावण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: बाळ, काय तुटलें, आणि तें आपण पुन्हां कसें जोडूं या?