जोडचित्र खोटें कीं जाहिरात?

अनेक छायाचित्रांचे तुकडे कातरून त्यांचें एक नवें चित्र सिद्ध करावें आणि त्यायोगें समाजाच्या द्रव्यलोभावर टीका करावी, ही पद्धति आतां नवी राहिलेली नाहीं. तरीसुद्धां तिच्याविषयीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचा एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो. छायाचित्र म्हणजे साक्ष. साक्षीदाराच्या तोंडीं परक्याचे शब्द घालणें जसें अन्यायाचें, तसेंच जें कॅमेऱ्यापुढें कधीं घडलेंच नाहीं तें घडल्यासारखें दाखविणेंही अप्रामाणिकपणाचें, असें त्यांचें म्हणणें. ह्या आक्षेपामागील सत्यप्रीति आम्हांस मान्य आहे. परंतु तिनें भलत्याच आरोपीला धरलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खोटीं जोडचित्रें पाहावयाचीं असतील तर चित्रकारांच्या दालनांत जाण्याचें प्रयोजन नाहीं. रविवारचें वर्तमानपत्र उघडावें आणि पुण्यामुंबईच्या आसपास उठणाऱ्या गृहसंकुलांच्या पानभर जाहिराती पाहाव्यात. ज्या इमारतीचा पायाही अद्याप भरलेला नाहीं ती तेथें आकाशाला टेकलेली असते. तें आकाश एका छायाचित्रांतून घेतलेलें, झाडें दुसऱ्यांतून, आणि हंसणारें सुखी कुटुंब तिसऱ्यांतून. त्या कुटुंबानें ती जागा स्वप्नांतही पाहिलेली नसते. शेजारचा नाला पुसला जातो, विजेच्या तारा पुसल्या जातात, आणि जीं माणसें डोक्यावर घमेलीं वाहून ती इमारत उभी करणार त्यांच्या पत्र्याच्या खोल्याही पुसल्या जातात. खालीं कोपऱ्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कल्पनाचित्र’ हा शब्द असतो, एवढाच काय तो सत्याला दिलेला नैवेद्य. असल्या चित्रावर भरंवसा ठेवून मध्यमवर्गीय गृहस्थ वीसवीस वर्षांचें कर्ज शिरावर घेतो. जाहिरातींतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याचें नुकसान झाल्यास बांधणाऱ्यानें तें भरून द्यावें, असें कलम २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यांत घालावें लागलें. पण ह्या जोडकामाला ‘छायाचित्राची विटंबना’ म्हणून कोणी रसिकानें नाक मुरडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. नाकें मुरडावयाचीं तीं टीकाकाराच्या कात्रीकडे पाहून!

ह्या दोन कात्र्यांतील भेद काय तो नीट पाहिला पाहिजे. जाहिरातीची कात्री एकत्र असलेल्या गोष्टी वेगळ्या करते. टीकाकाराची कात्री वेगळ्या केलेल्या गोष्टी पुन्हां एकत्र आणते. मार्था रॉस्लर ह्या अमेरिकन कलावतीनें १९६७ ते १९७२ ह्या सुमारास केलेली चित्रमाला ह्याचें उत्तम उदाहरण आहे. व्हिएतनामांत युद्ध चाललें होतें. ‘लाइफ’सारख्या मासिकांत एका पानावर तेथील जखमी माणसें असत आणि दुसऱ्या पानावर नवे कोच, नवे गालिचे, नवीं यंत्रें. वाचक पान उलटी आणि त्याबरोबर युद्धही उलटून जाई. रॉस्लर हिनें काय केलें? तिनें तीं दोन पानें एक केलीं. एका चित्रांत नीटनेटकी गृहिणी यंत्रानें पडद्यावरची धूळ ओढून घेत आहे आणि पडद्यापलीकडे रणांगणावरचे सैनिक आहेत. दुसऱ्यांत एका श्रीमंती घराच्या जिन्यावरून कोणी व्हिएतनामी माणूस जखमी मूल हातांवर घेऊन चढत आहे. असें दृश्य त्या घरांत कधीं घडलें नाहीं, हें खरें. पण दिवाणखाना आणि युद्ध हीं दोन्ही एकाच देशाचीं, एकाच मासिकाचीं, एकाच वाचकाचीं होतीं, हेंही खरेंच. तें दुसरें सत्य सुट्या छायाचित्रांत मावत नव्हतें. त्यासाठीं जोडच द्यावा लागला.

येथें प्रतिपक्षी म्हणेल, ‘सांधा दिसत असेल तर ठीक, सांधा लपविला म्हणजे फसवणूकच.’ त्यास जर्मनीतील जॉन हार्टफील्ड ह्याचें काम दाखवावें. १९३२ सालीं कामगारांच्या एका सचित्र साप्ताहिकांत त्यानें भाषण ठोकणाऱ्या हिटलरचा जणूं क्ष-किरणांनीं घेतलेला फोटो छापला. त्यांत पाठीच्या कण्याच्या जागीं नाण्यांची चळत आहे आणि हृदयाच्या जागीं नाझींचें स्वस्तिक. हा सोनें गिळतो आणि कचरा ओकतो, अशा अर्थाचा मथळा. त्यांतील सांधे इतके सफाईदार कीं बोट ठेवावयास जागा नाहीं. तरी ह्या चित्रानें कोण फसला असेल? नाण्यांचा कणा असलेला माणूस असूं शकत नाहीं, हें शाळकरी पोरही जाणतें. चित्रांतील अशक्यता हीच त्याची उघड कबुली होय. धनिकांच्या पैशावर हें राजकारण उभें आहे, असा त्याचा आरोप. आणि आरोप करणारा आपलें नांव घालून तो करीत होता. पुढल्याच वर्षीं त्याला देश सोडून प्रागला पळावें लागलें. जाहिरातवाल्याला आपल्या जोडचित्रापायीं असें पळावें लागल्याचें कोणास ठाऊक आहे काय?

तथापि ह्यावरून वाचकांनीं असा समज करून घेऊं नये कीं द्रव्यलोभावरचें प्रत्येक जोडचित्र आम्हांस वंदनीय आहे. आजकाल माणसाच्या डोक्याजागीं पैशाची पेटी बसविली, हृदयाला किंमतीची चिठ्ठी लावली, कीं भोगवादावर घाव घातला असें समजणारे पुष्कळ निघाले आहेत. ही चाल जुनी आहे. १८५७ सालीं ऑस्कर रेलँडर ह्यानें तीसांहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठें चित्र केलें आणि मँचेस्टरच्या प्रदर्शनांत मांडलें. त्यांत दोन तरुण: एक जुगार, मदिरा आणि विलास ह्यांकडे ओढला जाणारा, दुसरा धर्म, उद्योग आणि कुटुंब ह्यांकडे वळणारा. कारागिरी थक्क करणारी. परंतु पाहणारा प्रत्येक जण आपणांस दुसऱ्या तरुणाच्या बाजूला बसवून मोकळा! खुद्द व्हिक्टोरिया राणीनें त्याची प्रत खरेदी केली. ज्या चित्रापुढें उभें राहून श्रीमंतालाही अंगाला ओरखडा न लागतां समाधान वाटतें, त्याला टीका म्हणतां येणार नाहीं. तें कीर्तनानंतरच्या बत्ताशासारखें गोड असतें, इतकेंच. रिचर्ड हॅमिल्टन ह्याचें १९५६ चें सुप्रसिद्ध जोडचित्रही आम्हांस ह्याच कारणानें अपुरें वाटतें. पीळदार शरीराचा पुरुष, दूरचित्रवाणी, डबाबंद मांस, ध्वनिमुद्रक, सारें एका खोलीत त्यानें मोठ्या मिष्किलपणें भरलें आहे; पण हें सामान कोणाच्या श्रमांतून आलें आणि कोणाच्या घासांतून, हा प्रश्न त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच राहतो.

तेव्हां आमची कसोटी एवढीच: चित्र पाहणाऱ्याला दुसऱ्याचा लोभ दाखवितें, कीं त्याच्या स्वतःच्या सुखाची लपविलेली किंमत? पहिलें काम सोपें आहे आणि त्याला टाळ्याही मिळतात. दुसऱ्याला टाळ्या मिळत नाहींत. म्हणून रॉस्लर हिनें आपलीं चित्रें आरंभीं कलादालनांत न टांगतां साध्या छापील प्रतींच्या रूपानें युद्धविरोधी मोर्चांतून वांटलीं. पुढें तींही संग्रहालयांत गेलीं, विकलीं गेलीं, असें कोणी म्हणेल. बाजार सर्वच विकत घेतो. तो त्या चित्रांचा दोष नव्हे.

आज तर संगणकाला चार शब्द सांगितले कीं सांध्याचा मागमूसही नसलेलें चित्र क्षणांत हातीं येतें. ह्यापुढें छायाचित्राची साक्ष डोळे मिटून मानण्याची सोय उरली नाहीं. आमच्या तरुण चित्रकारांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं त्यांनीं पैशाच्या पेट्या आणि किंमतीच्या चिठ्ठ्या आतां बाजूला ठेवाव्या. दिवाळी अंकांतील गृहसंकुलाची एखादी गुळगुळीत जाहिरात घ्यावी आणि तिच्यांतील पोहण्याच्या तलावाच्या कांठीं, जेथून त्या पुसल्या गेल्या तेथेंच, मजुरांच्या त्या पत्र्याच्या खोल्या परत ठेवाव्या. आणि आमच्या संपादक बंधूंस ती जाहिरात छापण्याचें धैर्य असेल, तर हें चित्रही तिच्या समोरच्याच पानावर छापावें.