दंडाला भिऊ नका, कोर्टाला चुकवू नका

कोर्टाचा कागद घरात आला की तो प्रथम देवळीत, नाही तर पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जातो, हा आपल्या घराघरांतील जुना रिवाज आहे. पाटील, तलाठी, फौजदार आणि कोर्ट या चार दारांतून आपल्या वाडवडिलांकडे शुभ वर्तमान क्वचितच आले. तेव्हा कागद दिसताच छातीत धस्स व्हावे यात नवल नाही. पण भीती समजण्याजोगी असली, तरी तिच्या सल्ल्याने वागणे शहाणपणाचे ठरत नाही. आणि आज ज्या कागदाविषयी आम्ही लिहीत आहो, तो पेटीत ठेवल्याने जुना होत नाही, उलट जड होतो.

कर्जत तालुक्यातील कळंबचेच उदाहरण घ्या. नेरळ स्टेशनापासून आत, कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. सकाळची लोकल गाठायची तर एस. टी. आणि रिक्षा यांच्या भरवशावर रोजगार टिकत नाही. म्हणून तरुण मुलगा जुनी मोटारसायकल घेतो. ही चैन नव्हे, ती त्याच्या पोटाची वाट आहे. परंतु गाडीचे कागद पहिल्या मालकाच्याच नावावर राहतात, विम्याची मुदत संपलेली असते, आणि परवान्यासाठी पनवेलच्या परिवहन कार्यालयात खेपा घालायच्या म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, म्हणून तेही काम लांबणीवर पडते. एके दिवशी नाक्यावर गाडी अडविली जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने विनापरवाना गाडी चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर नेला. विमा नसल्याचा पहिल्या वेळचा दंड दोन हजार. झाले सात हजार! गाडी दुसऱ्याची असेल, तर परवाना नसलेल्याच्या हाती ती दिल्याबद्दल मालकावर आणखी पाच हजारांचा बोजा येऊ शकतो.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. पोलिसाने दिलेले चलान म्हणजे कोर्टाची शिक्षा नव्हे. ती तडजोडीची रक्कम आहे. ती भरली की प्रकरण तेथेच मिटते. ती न भरल्यास प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. हल्ली अशा कित्येक प्रकरणांसाठी दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहण्याचीही गरज उरलेली नाही. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते नागपूर येथे महाराष्ट्राच्या वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालयाचे उद्घाटन झाले. मोबाइलवर निरोप येतो, गुन्हा कबूल करून घरबसल्या दंड भरता येतो. कबूल नसेल तर तसे नोंदवून नेहमीच्या न्यायालयात लढताही येते. मात्र नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असेल, तर निरोप कोणाला पोहोचणार? आणि चलानाच्या नावाने अनोळखी क्रमांकावरून एखादी फाइल आली तर ती उघडू नका. तिच्यातून बँकेतील पैसे लंपास करणाऱ्या टोळ्या निघाल्या आहेत.

आता खरा प्रश्न. न्यायालयाने दंड ठोठावला आणि खिशात पैसे नाहीत, तर काय? आपल्यातील पुष्कळांची समजूत अशी की, एक तर पैसे मोजा, नाही तर तुरुंगात जा, तिसरी वाट नाही. ही समजूत चुकीची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिचे कलम ४६४ सांगते की, शिक्षा केवळ दंडाची असून तो न भरल्यास कैद सांगितली असेल आणि दंड तत्काळ भरला गेला नाही, तर न्यायालय तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते, अथवा दोन किंवा तीन हप्ते बांधून देऊ शकते, आणि हमीपत्र घेऊन आरोपीला मोकळे सोडू शकते. जुन्या संहितेतही ही तरतूद कलम ४२४ खाली होतीच. पण ती मागावी लागते. जो न्यायासनासमोर हजरच झाला नाही, त्याला हप्ते कोण बांधून देणार? गैरहजर राहणाऱ्याच्या वाट्याला समन्सनंतर वॉरंट येते, आणि मग सात हजारांची गोष्ट जामिनावर, वकिलावर आणि बुडालेल्या रोजावर जाऊन पोहोचते.

कैदेलाही कायद्याने कुंपण घातले आहे. विनापरवाना गाडी चालविण्यास तीन महिन्यांपर्यंतचा कारावास सांगितला आहे; अशा गुन्ह्यात दंड न भरल्याबद्दलची कैद त्या कमाल मुदतीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक देता येत नाही. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पाच हजारांपर्यंतच्या दंडासाठी जास्तीत जास्त दोन महिने, आणि तीही साधी कैद. दंड भरताच ती संपते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. न भरलेला दंड शिक्षेनंतर सहा वर्षांपर्यंत वसूल होऊ शकतो. जंगम मालमत्ता जप्त होऊ शकते, जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होऊ शकते, आणि माणूस मेला तरी त्याने मागे ठेवलेली मालमत्ता या देण्यातून सुटत नाही. बापाने दडविलेला कागद मुलाच्या उंबऱ्यावर येऊ शकतो, तो असा.

वकिलाचे पैसे कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ अनुसूचित जातीच्या व जमातीच्या व्यक्तीस, तसेच प्रत्येक स्त्रीस, मोफत वकील मिळण्याचा हक्क देते; तेथे उत्पन्नाची अट नाही. धर्मांतर केले म्हणून हा हक्क गेला, असे आपल्यातील काही बंधूंना अजूनही वाटते. तसे नाही. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. तेव्हा जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, आणि तो करताना मान खाली घालण्याचे कारण नाही. हे दान नव्हे. कळंबच्या आसपासच्या वाड्यांतील ठाकूर आणि कातकरी बांधवांनाही हीच वाट खुली आहे. आपल्याला ठाऊक झालेली गोष्ट त्यांच्या कानी घालणे आपले काम आहे. कोर्टाच्या आवारात 'साहेबांना सांगून मिटवितो' म्हणणारा जो इसम भेटतो, त्याच्या हाती एक पैसाही देऊ नका. पावती देत नाही तो दंड घेत नाही, एवढे ओळखावे.

लोकअदालतीची वाटही चांगली आहे. तेथे तडजोडीने प्रकरण मिटते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. परंतु 'लोकअदालतीत निम्मे माफ होते' या ऐकीव वार्तेवर विसंबून, पैसे हाती असूनही वर्षभर थांबणारे लोक आम्हांस मान्य नाहीत. चूक झाली असेल आणि ऐपत असेल, तर भरून मोकळे व्हावे.

मात्र आमचे म्हणणे एवढ्यावर संपत नाही. द्रुतगती मार्गावरून खालापूर ओलांडणाऱ्या मोठ्या मोटारीच्या मालकास पाच हजार म्हणजे एका सायंकाळचा खर्च. कळंबच्या मजुरास ती कित्येक दिवसांची मजुरी. एकच आकडा दोघांना लावणे ही समता म्हणावी काय? फिनलंडसारख्या देशात १९२१ पासून कित्येक गुन्ह्यांचा दंड मिळकतीच्या प्रमाणात बसविला जातो. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी प्रेस्टन टेट नावाच्या निर्धन माणसास वाहतुकीच्या गुन्ह्यांसाठी ४२५ डॉलर दंड झाला; तो भरता येईना, म्हणून दिवसाला पाच डॉलर या हिशेबाने त्यास ८५ दिवसांची कैद देण्यात आली. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या गुन्ह्यास केवळ दंडच सांगितला आहे, त्यात माणूस गरीब आहे म्हणून दंडाचे रूपांतर थेट कैदेत करणे समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. आपल्या राज्यघटनेतही समानतेचे कलम आहे. दंड लावताना माणसाची मिळकत विचारली जावी, ही मागणी आपण का करू नये?

तोवर दोन कामे आपल्या हाती आहेत. जुनी गाडी घेताना वा विकताना मुद्रांकाच्या कागदावर सही करून थांबू नका. मालकीबदलाची नोंद परिवहन कार्यालयात झाली नाही, तर चलान जुन्या मालकाच्याच नावावर येत राहते. आणि कर्जतच्या विधी सेवा समितीने आपले शिबिर एकदा कळंबला भरवावे, असा अर्ज गावच्या शिकलेल्या मुलामुलींनी लिहावा, त्यावर घरोघरच्या सह्या घ्याव्यात आणि पोहोच घेऊन तो दाखल करावा.