गोदीतल्या युद्धनौकेवर पहारा कोणाचा?

२३ जुलै २०२४ रोजी वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये ‘त्रिपुट’ या फ्रिगेटचे जलावतरण झाले. राज्यपाल पी. एस. श्रीधरन पिल्लई आणि नौदलाचे वरिष्ठ अधिकारी समारंभाला उपस्थित होते. रशियन आराखड्यावरची, सुमारे १२५ मीटर लांबीची एवढी मोठी युद्धनौका गोव्यात प्रथमच आकाराला आल्यामुळे त्या दिवशीचा अभिमान रास्तच होता. त्याच दिवशी मुंबईच्या नौदल गोदीत पाणबुडे एका बेपत्ता नौसैनिकाचा शोध घेत होते. ‘ब्रह्मपुत्रा’ ही युद्धनौका तेथे धक्क्याला लागून एका कुशीवर पडली होती. दुसऱ्या दिवशी त्या नौसैनिकाचा मृतदेह हाती लागला.

गोव्यातील समारंभाला वृत्तपत्रांत जेवढी जागा मिळाली, तेवढी मुंबईतील दुर्घटनेच्या कारणमीमांसेला मिळाली नाही. नौदलाच्या सामर्थ्याचा हिशेब आपण नव्या नौका मोजून करतो. बांधलेली नौका पुढची तीस-पस्तीस वर्षे लढण्याजोगी ठेवणे हे काम मात्र बहुतेकांच्या नजरेआड चालते, आणि त्या कामातले धोके तर क्वचितच चर्चेला येतात.

‘ब्रह्मपुत्रा’वर २१ जुलैच्या संध्याकाळी आग लागली, तेव्हा ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. गोदीतील अग्निशामक दल आणि बंदरातील अन्य नौकांवरील नौसैनिक यांनी रात्रभर झुंजून सकाळपर्यंत आग आटोक्यात आणली. त्यानंतर दुपारी नौका डाव्या बाजूला कलू लागली. तिला सरळ करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. २००० साली सेवेत आलेली, ५,३०० टनांची, तोफा, क्षेपणास्त्रे आणि पाणतीर डागण्याची यंत्रणा असलेली ही नौका शत्रूची एक गोळीही न लागता आडवी झाली.

आग विझल्यावर नौका का कलंडावी, असा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला पडणे साहजिक आहे. नौकेवरील कोणत्याही मोठ्या आगीत पाणी हेच दुसरे संकट असते. वरच्या मजल्यांवर ओतलेले शेकडो टन पाणी तेथेच साचले तर नौकेचा गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यातही ते पाणी एका ठिकाणी बंदिस्त नसते. नौका थोडी कलली की सारे पाणी त्याच बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. ताटात पाणी घेऊन चालणाऱ्याला हा अनुभव असतोच. म्हणून नौकेवरील अग्निशमनात पाणी मारणाऱ्या पथकाइतकेच ते उपसून बाहेर टाकणाऱ्या पथकाला महत्त्व असते. मुंबईकरांना याचा धडा जानेवारी २०११ मध्येच मिळाला होता. ‘विंध्यगिरी’ या फ्रिगेटला बंदराच्या तोंडाशी मालवाहू जहाजाची धडक बसली आणि तिच्यावर आग भडकली. आगीशी झुंज सुरू असताना ओतलेल्या पाण्याच्या भाराने ती धक्क्यालाच बुडाली.

समुद्रावर असलेली युद्धनौका आणि दुरुस्तीला आलेली युद्धनौका यांत एखाद्या तटबंद गडाइतका आणि दरवाजे काढून ठेवलेल्या वाड्याइतका फरक असतो. समुद्रावर तीनशेहून अधिक माणसे पाळीपाळीने चोवीस तास जागी असतात. प्रत्येक कप्प्याचे जलरोधक दार कधी उघडायचे आणि कधी बंद ठेवायचे, हे ठरलेले असते. आगीच्या पाण्याची मुख्य नळवाहिनी सतत दाबाखाली असते. गोदीत शिरल्यावर यातील एकेक गोष्ट सुटत जाते. पंप दुरुस्तीला उघडलेले असतात, धूर ओळखणारी यंत्रणा बंद असते. वेल्डिंगच्या केबली, हवेचे नळ आणि तात्पुरत्या दिव्यांच्या तारा उघड्या दारांतून मजल्यामजल्यावर पसरलेल्या असतात. धूर दिसताच दार लावावे म्हटले, तरी या तारांच्या जाळ्यामुळे ते लागत नाही. खलाशांपैकी पुष्कळ जण रजेवर, प्रशिक्षणाला किंवा किनाऱ्यावरच्या निवासात असतात. दिवसभर नौकेवर वावरणारी माणसे बहुतांशी गोदीची आणि कंत्राटदारांची असतात. त्यांना आपल्या कामाची जागा ठाऊक असते, नौका ठाऊक नसते.

शस्त्रांचाही प्रश्न येतोच. मोठ्या दुरुस्तीपूर्वी दारूगोळा उतरवून ठेवण्याची पद्धत आहे आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. दारूगोळा पुन्हा चढवला की धोक्याचे मोजमाप एका क्षणात बदलते. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट झाले, तेव्हा ती शस्त्रसज्ज होऊन मोहिमेच्या तयारीत होती आणि त्यात १८ जण प्राणास मुकले. ही पाणबुडी काही महिन्यांपूर्वीच रशियातील प्रदीर्घ दुरुस्ती आटोपून परतली होती. पुढच्या फेब्रुवारीत दुरुस्तीनंतरच्या चाचण्यांसाठी समुद्रात गेलेल्या ‘सिंधुरत्न’मध्ये धूर कोंडून दोन अधिकारी मरण पावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडले. राजकारणात हा शब्द झिजून गुळगुळीत झालेला असताना एका सेनाप्रमुखाने तो शब्दशः पाळला, याची नोंद घ्यायलाच हवी. तथापि वरचा एक माणूस पायउतार झाल्याने खालची व्यवस्था आपोआप सुधारत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’चीच भगिनीनौका ‘बेतवा’ मुंबईच्या सुक्या गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली आणि दोन नौसैनिक दगावले. तिला परदेशी कंपनीच्या साहाय्याने फेब्रुवारी २०१७ मध्ये सरळ उभे करण्यात आले. या वर्गाच्या नौका एकूण तीन. त्यांपैकी दोन, आठ वर्षांच्या आत, एकाच गोदीत, युद्धाविना आडव्या झाल्या. दोन्ही घटनांची कारणे भिन्न आहेत, हे खरे. पण या योगायोगाने कोणत्याही जाणत्याची झोप उडावी.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात २००७-०८ ते २०१५-१६ या काळातील नौदलाच्या नौका व पाणबुड्यांच्या ३८ अपघातांचा परामर्श घेतला होता. नौदलात सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संघटनाच नव्हती, २०१४ मध्ये ती उभारली गेली खरी. मात्र तिला शासनाची मंजुरी मिळायची होती, हे त्यातील निरीक्षण महत्त्वाचे होते. सुरक्षितता हे प्रत्येकाचे काम, असे म्हटले जाते तेव्हा बहुधा ते कोणाचेच काम नसते. गोदीत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. नौका कप्तानाची, गोदी दुसऱ्या अधिकाऱ्याची, काम तिसऱ्या कंत्राटदाराचे. वेल्डिंगच्या ठिणगीवर नजर ठेवणारा माणूस यांपैकी कोणाचा, हे कागदावर लिहिलेले असते. संध्याकाळी कामगारांची पाळी संपताना तो प्रत्यक्षात तेथे आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

ही व्यथा केवळ आपली नाही. जगातील सर्वांत धनाढ्य नौदलानेही तिची किंमत मोजली आहे. १२ जुलै २०२० रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे दुरुस्तीत असलेल्या ‘बॉनहोम रिचर्ड’ या सुमारे चाळीस हजार टनांच्या जहाजाला आग लागली आणि ती चार दिवस धुमसत राहिली. जहाज शेवटी भंगारात काढावे लागले. आग लावल्याचा आरोप असलेला नौसैनिक २०२२ मध्ये निर्दोष सुटला. चौकशीत मात्र त्याहून मोठे सत्य बाहेर आले. जहाजावरील ८७ टक्के अग्निशमन केंद्रे वापरात नव्हती आणि फेसाची यंत्रणा सुरू करणारे बटण वेळेवर कोणी दाबलेच नाही. २०१२ मध्ये ‘मायामी’ ही पाणबुडी दुरुस्तीतच जळाल्यावर जे नियम घालून दिले होते, त्यांचे पालन सैल होत गेल्याचेही निष्पन्न झाले. अहवालाने ३६ जणांवर जबाबदारी निश्चित केली आणि तो लोकांसमोर ठेवला गेला.

आपल्याकडे ‘ब्रह्मपुत्रा’च्या दुर्घटनेची चौकशी नेमली गेली, परंतु अशा चौकशीमंडळांचे अहवाल जाहीर करण्याची प्रथा आपल्याकडे नाही. शस्त्रे आणि संवेदकांविषयीचा मजकूर गुप्त राहणे समजण्यासारखे आहे. पंप बंद का होता, दार लागले का नाही आणि त्या वेळी नौकेवर किती प्रशिक्षित माणसे होती, या माहितीत शत्रूच्या कामाचे काही नसते. ती उपयोगी पडेल ती पुढच्या गोदीतल्या पुढच्या पहारेकऱ्याला, आणि गोदीत रोजंदारीवर उतरणाऱ्या वेल्डरलाही.

याच वर्गातील तिसऱ्या नौकेची, ‘बियास’ची गोष्ट वेगळ्या वळणाने चालली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्या मध्यायुष्यातील दुरुस्तीसाठी कोचीन शिपयार्डशी ३१३.४२ कोटी रुपयांचा करार झाला. वाफेवर चालणाऱ्या या फ्रिगेटमध्ये डिझेल इंजिने बसवली जात आहेत. भारतीय नौदलाच्या फ्रिगेटबाबतीत हा प्रयोग पहिलाच. जुने बॉयलर कापून काढणे म्हणजे महिनोन्‌महिने कापणी, जोडणी आणि ठिणग्या. हे काम निर्विघ्न पार पडले तर त्याची बातमी चार ओळींची होईल.

गोव्यालाही या प्रश्नाकडे परक्यासारखे पाहता येणार नाही. ‘त्रिपुट’पाठोपाठ मार्च २०२५ मध्ये वास्कोतच ‘तवस्य’चे जलावतरण झाले. जलावतरण म्हणजे नौका पूर्ण होणे नव्हे. पाण्यात उतरलेल्या सांगाड्यात यंत्रे, तारा, तोफा आणि क्षेपणास्त्र-यंत्रणा बसवण्याचे काम पुढे दीर्घकाळ धक्क्यावरच चालते, आणि त्या काळात नौकेची अवस्था दुरुस्तीला आलेल्या नौकेसारखीच असते. दारे उघडी, तारा पसरलेल्या, माणसे अनेक मालकांची. मार्च २०१४ मध्ये मुंबईत ‘कोलकाता’ ही विनाशिका नौदलाच्या ताब्यात जाण्यापूर्वीच्या चाचण्यांत असताना, आग विझवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेतून कार्बन डायॉक्साइड वायू सुटला आणि एका नौदल अधिकाऱ्याला प्राण गमवावे लागले. वास्कोच्या धक्क्यावर रोज सकाळी डबा घेऊन आत शिरणाऱ्या गोमंतकीय फिटरला त्या यंत्रणेचा भोंगा वाजल्यावर कोणत्या शिडीने वर यायचे, हे किती वेळा प्रत्यक्ष चालवून दाखवले जाते, ही बाब जलावतरणाच्या निमंत्रितांच्या यादीइतक्याच उत्सुकतेने विचारली गेली पाहिजे.